शिवणटिपणं : ताई, बॉनेट म्हणजे अमेरिकन कुंचीच का हो?

मागच्या महिन्यात कुंचीचा कागदी नमुना दिला होता ना, तेव्हा कोपऱ्यात सहज एक वाक्य लिहून गेले की अमेरिकेतल्या शेतकरी बायकांचं ते जुनं सनबॉनेट बघितलं की मला कुंची आठवते. झालं! तेव्हापासून निम्मे प्रश्न कुंचीचे आणि निम्मे बॉनेटचे येतायत, ब्लाउजचा गळा आणि पिको-फॉलवाले बिचारे मागे पडले. त्यांनी रागवू नका, पुढच्या वेळी तुमचाच नंबर. या महिन्यात सगळं उन्हाच्या टोपडय़ांवर.

प्रश्न : ताई, आम्ही युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ राहतो. इथे 24 जुलैला पायोनियर डे असतो, परेड निघते आणि बऱ्याच छोट्या मुली लांब फ्रॉक आणि बॉनेट घालून जातात. माझी लेक आठ वर्षांची आहे, तिलाही पाहिजे. व्हिडिओ कॉलवर साताऱ्याला सासूबाईंना फोटो दाखवला तर म्हणाल्या, "अगं ही तर कुंची! माझ्या ट्रंकेत पडलीये एक, पाठवू का?" आता त्यांना काय सांगू, खरंच एकच प्रकार आहे का?

उत्तर : सासूबाईंना सांग की नातं आहे पण सख्खं नाही, चुलत-चुलत म्हण हवं तर. आणि कुंची पाठवायला नक्की सांग, परेडला नाही उपयोग झाला तरी ती ट्रंकेत राहून काय करणारे.

बघ, कुंची म्हणजे मुळात एक लांबट कापड, डोक्यावरून घेऊन मागे शिवलेलं, मानेशी थोड्या चुण्या, गळ्याशी बंद, आणि मग पाठीवरून कमरेपर्यंत किंवा पार पावलांपर्यंत सोडलेलं. बारशाला खणाची नाहीतर सॅटिनची, कडेला गोट, हौस असली तर मोती. तिचं काम काय तर वारं अडवायचं, कान झाकायचे, टाळू झाकायची आणि बाळाला मांडीवर घेणाऱ्या प्रत्येक बाईकडून "अगंबाई बाळकृष्णच!" म्हणवून घ्यायचं. कुंचीत चेहरा पूर्ण उघडा असतो. तो दिसावा म्हणूनच तर सगळा थाट.

बॉनेटचं उलट आहे. मागची झालर मानेवर, खांद्यावर पडते तेवढी कुंचीसारखी, डोक्यावरच्या चुण्याही तशाच, पण पुढे तोंडावर चांगली वीतभर वळचण काढलेली असते, ताठ, आणि तिच्या आत चेहरा पार खोल जातो. लांबून बघितलं तर बाई कोण आहे तेच कळत नाही. म्हणजे कुंची चेहरा दाखवायला आणि बॉनेट चेहरा लपवायला. मागून बघशील तर बहिणी, पुढून बघशील तर ओळखच नाही!

ही वळचण एवढी खोल का याचा मी बराच विचार केलाय आणि माझं आपलं एक मत झालंय. अमेरिकेत नवी वस्ती करायला निघालेले हे बॉनेटवाले लोक चालले होते कुठे, तर पश्चिमेला. तुमच्याकडे 24 जुलै साजरा करतात तो 1847 सालचा, मॉर्मन नावाच्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांची पहिली तुकडी त्यांचे पुढारी ब्रिगहॅम यंग यांच्याबरोबर त्या दिवशी सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली, हजार मैलांच्या वर प्रवास करून. त्याच काळात ऑरेगॉनला जाणारे सुमारे दोन हजार मैल चालायचे, चार ते सहा महिने. चालायचे म्हणजे अक्षरशः चालायचे बरं का, छकड्यात सामान आणि आजारी माणसं, बाकी बायकापोरं बरीचशी शेजारून पायी. आता पश्चिमेला तोंड करून रोज चालायचं म्हटलं की दुपारनंतरचं सगळं ऊन समोरून, तिरपं, थेट डोळ्यात. डोक्यावर नुसता पदर किंवा रुमाल घेऊन त्याचं काही होत नाही, तिथे पुढे छज्जाच पाहिजे. आणि गंमत म्हणजे त्यांच्या बैलगाडीवर जे पांढऱ्या कापडाचं कमानदार छप्पर असायचं ना, ते आणि बॉनेट शेजारी शेजारी ठेवलं तर लहान-मोठी भावंडं वाटतात. कापड ताणून कमान केली की खाली सावली, हिशेब एकच.

अर्थात बॉनेट काही या वाटेवर जन्माला आलेलं नाही. इंग्लंडमधल्या शेतावरच्या बायका घालायच्याच. आणि जाता जाता एक, परेडमध्ये बॉनेटवाल्या मुलींचे थवेच्या थवे दिसतील पण त्या 1847 च्या पहिल्या तुकडीत बायका होत्या फक्त 3 आणि मुलं 2, बाकी 143 पुरुष. बायकामुलं आली ती मुख्यतः मागून येणाऱ्या तांड्यांमधून. लेकीला सांग हे, शाळेत भाव खाता येईल.

प्रश्न : मग ताई ते शिवायचं कसं तेही सांगा ना. पुढचा भाग उभा कसा राहतो? मी फ्यूजिंग (ते इस्त्रीने चिकटणारं कडक अस्तर) लावून पाहिलं तर दोन धुण्यात पोपट झाला, फुग्यासारखं वर आलं कापड. (सोलापूर, मुलीच्या गॅदरिंगसाठी)

उत्तर : फ्यूजिंगला हे झेपत नाही, सोड. त्या बायकांकडे फ्यूजिंग नव्हतं म्हणूनच त्यांनी जे काढलं ते डोकं लावून काढलंय.

तीन पद्धती होत्या. एक, दोन कापडांच्या मध्ये जाड सुती दोरी घालून तिला चिकटून टीप मारायची, मग दुसरी दोरी, मग तिसरी, अशा रांगाच रांगा, आणि वरून खळ देऊन इस्त्री. दिसतं अप्रतिम पण वेळखाऊ आहे आणि मशीनला झिपरचा पाय लावल्याशिवाय टीप दोरीच्या अगदी जवळ येत नाही. दुसरी, मध्ये जुनं कापड किंवा कापूस घालून गोधडीसारखे धावदोरे. तिसरी माझी लाडकी, पट्ट्यांची. ती तू कर.

यात पुढच्या भागाच्या दोन थरांमध्ये उभ्या टिपा मारून खण पाडायचे आणि प्रत्येक खणात पुठ्ठ्याची पट्टी सरकवायची. तेव्हा पुठ्ठा नाहीतर पातळ लाकडाच्या पट्ट्या घालायचे. पट्ट्यांची लांबी तोंडापासून मागे डोक्याकडे जाते, कानापासून कानाकडे नाही, हे लक्षात ठेव कारण इथेच सगळे चुकतात. पट्टी स्वतः ताठ, पण दोन पट्ट्यांच्या मधल्या टिपेवर कापड वळतं, म्हणून ते डोक्याभोवती कमानीसारखं गोल बसतं आणि तरी पुढे सरळ ताठ राहतं. दुकानाचं शटर कसं गुंडाळलं जातं, अगदी तसं.

आठ-नऊ वर्षांच्या मुलीसाठी मी घेतलेली मापं देते, तू आपल्या लेकीच्या डोक्यावर कागद धरून बघून घे आधी. पुढची पट्टी तयार झाल्यावर 18 इंच लांब, म्हणजे एका जबड्याच्या कोपऱ्यापासून डोक्यावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, आणि 6 इंच खोल. शिवणीसाठी सगळीकडे अर्धा इंच जास्त घेऊन असे दोन तुकडे काप. तीन बाजू शिवून उलटव, मागची लांब बाजू उघडी ठेव. मग दर दीड इंचावर टीप, म्हणजे 12 खण होतील. पुठ्ठ्याच्या पट्ट्या सव्वा इंच रुंद आणि पावणेसहा इंच लांब, कोपरे कात्रीने गोल करून टाक नाहीतर कापड फाडतात. कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचा पुठ्ठा मस्त चालतो.

मागच्या भागासाठी 22 इंच रुंद आणि 20 इंच लांब तुकडा, वरचे दोन कोपरे गोल कापायचे. वरून 12 इंचांवर आतल्या बाजूने आडवी पट्टी शिवून नेफा कर, त्यात नाडी, ती ओढली की मानेशी चुण्या पडतात आणि खालचे 8 इंच झालर म्हणून मोकळे सुटतात. नेफ्याच्या वरची गोल कड धावदोऱ्याने चुणून 18 इंचांवर आण आणि पुढच्या भागाला जोड. पण थांब, जोड म्हणजे पक्की टीप मारू नकोस! चुणलेल्या कडेला आतून एक अरुंद पट्टी लाव आणि पुढचा भाग तिला टिचबटणांनी जोड. का, तर धुवायला टाकताना पट्ट्या बाहेर काढता आल्या पाहिजेत.

हे मी स्वतः शिकलेय आणि चांगलं शिकलेय. एका हौशी नाटकाच्या ग्रुपसाठी चार बॉनेटं शिवली होती, सगळी बंदिस्त, सुबक, आणि प्रयोग झाल्यावर मीच ती विसरून मशीनमध्ये टाकली. बाहेर काढली तेव्हा आत पिठल्यासारखा पुठ्ठ्याचा लगदा, उसवून चमच्याने काढावा लागला, दोन दिवस घरात ओल्या पुठ्ठ्याचा वास. त्यानंतर मी प्लॅस्टिकच्या फायली कापून घातल्या, त्या धुतल्या तरी चालतात पण उन्हात घाम फार येतो, पुठ्ठाच बरा. गॅदरिंगलाच घालायचं असेल तर काहीही चालेल म्हणा.

कापड सुती घे. चौकडा, बारीक फुलांचं चीट, नाहीतर साधा मांजरपाट. अमेरिकेत ज्याला कॅलिको म्हणतात, बारीक छापाचं स्वस्त सुती कापड, त्याची ही बॉनेटं भरपूर असायची, आणि कॅलिको हे नाव आलंय आपल्या कालिकतवरून, म्हणजे कोळिकोडवरून. म्हणजे तुझ्या गॅदरिंगच्या निमित्ताने कापडाचं नाव तरी घरी परत येतंय. 1920-30 च्या सुमारास तर पिठाची आणि पेंडीची सुती पोती फाडून कपडे शिवायचे तिकडे, बॉनेटं पण, आणि कंपन्यांनी ते बघून पोतीच फुलाफुलांची छापायला सुरुवात केली. आपल्याकडे पोत्यांची पायपुसणी झाली, फुलं काही कोणी छापली नाहीत.

प्रश्न : आमची निफाडकडे द्राक्षबाग आहे, उन्हाळ्यात बायका डोक्याला फडकं बांधून वर पुरुषाचा फुल शर्ट घालून काम करतात. हे बॉनेट त्यांना शिवून दिलं तर जास्त चांगलं का? का नुसतं दिसायला?

उत्तर : दिसायला अजिबात नाही, ते शंभर टक्के कामाचं होतं. 1930 च्या दशकात अमेरिकन सरकारने फोटोग्राफर पाठवून शेतमजुरांचे फोटो काढून घेतले होते, डोरोथिया लँग त्यातल्याच, त्यात कापसाच्या, तंबाखूच्या शेतातल्या बायका बॉनेट घालून आहेत आणि ती बॉनेटं मळकी, विटलेली, ठिगळं लावलेली आहेत. चित्रात दिसतात तशी लेसवाली नाहीत.

पण तुमच्या बायकांना चालेल का? मी हे कागदावर सांगत नाही, घालून बघितलंय. एप्रिलमध्ये गच्चीवर कुरडया घालायच्या होत्या, घरात नाटकातलं एक बॉनेट उरलं होतं, म्हटलं बघू तरी. शेजारची मुलं कठड्यावरून हसत होती ते जाऊ दे. तर काय झालं, सकाळी साडेआठ-नऊपर्यंत एकदम बेस्ट, तिरपं ऊन तोंडावर येतच नव्हतं, डोळे मिचकवावे लागले नाहीत, मानेवर झालर असल्यामुळे मागूनही चटका नाही, आणि झालर सैल असल्याने हलकं वारं आत फिरतं, घट्ट बांधलेल्या फडक्यासारखं डोकं उकडत नाही. अकरानंतर मात्र गंमत गेली. खाली वाकलं की वळचण जमिनीकडे, आणि ऊन सगळं डोक्याच्या मागे आणि पाठीवर, तिथे फक्त एक पातळ कापड. शिवाय बाजूचं काही म्हणजे काही दिसत नाही, टांग्याच्या घोड्याच्या झापडांसारखं होतं. कोणी हाक मारली तर आधी आवाज कुठून आला ते कळत नाही आणि मग अख्खं अंग वळवून बघावं लागतं. कावळा मागून येऊन दोन कुरडया घेऊन गेला, मला पत्ताच नाही!

मला वाटतं हे सगळं ऊन कुठून येतं त्यावर आहे. सॉल्ट लेक सिटी साधारण 41 अंश उत्तरेला, तिथे सूर्य वर्षातून एकदाही बरोब्बर डोक्यावर येत नाही, ऐन जूनमध्येही थोडा दक्षिणेला कललेलाच. आपल्याकडे मे महिन्यात तो खरोखर माथ्यावर येतो, पुण्यात मेच्या मध्याला दुपारी उभ्या काठीची सावली सापडत नाही. तिरप्या उन्हाला पुढचा छज्जा लागतो, माथ्यावरच्या उन्हाला छप्पर लागतं. आणि आपली कामं बघा ना, भात लावणी, खुरपणी, कांदा काढणी, सगळी वाकून. वाकलेल्या बाईची मान आणि पाठ उन्हात असते, चेहरा आपोआप सावलीत. म्हणून आपल्याकडे जे आलं ते पाठ झाकणारं आलं. कोकणातलं इरलं आठवा, बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पानं, डोक्यापासून कमरेखालपर्यंत, वाकलं की पाठीवर घर घेतल्यासारखं. ते पावसासाठी खरं, पण घाट तोच. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात खुपसून केलेली खोळ पण तशीच. हे लोक कोणी डिझायनर नव्हते पण कुठे काय झाकायचं ते बरोबर माहीत होतं.

द्राक्षाचं मात्र वेगळं आहे, तिथे मांडवाखाली हात वर करून उभं राहून काम, म्हणजे मान वर. पानांतून ऊन सरळ डोळ्यात. त्यामुळे तुमच्याकडे पुढे छज्जा आणि मागे झालर हे दोन्ही खरंच कामाचं ठरेल, पण वळचण वीतभर नको, तीनेक इंच पुरे, म्हणजे तारेला अडकणार नाही आणि बाजूचं दिसेल. ऑस्ट्रेलियात शाळेतली मुलं पुढे टोपीची कड आणि मागे मानेवर कापड असलेली टोपी घालतात, तशी. तिकडे 1981 पासून "शर्ट चढवा, क्रीम लावा, टोपी घाला" असं सांगणारी मोहीम आहे, त्वचेच्या कॅन्सरमुळे, आणि पुष्कळ शाळांत टोपी नाही तर खेळ नाही, सावलीत बसून राहा असा नियमच आहे. आधी एक शिवून एकाच बाईला द्या आणि आठ दिवसांनी तिलाच विचारा. शिवाय कापड घट्ट विणीचं आणि थोडं गडद असू द्या, विरळ पांढऱ्या मलमलीतून ऊन पुष्कळसं आत येतं. गडद कापड जरा तापतं, पण झालर सैल ठेवली की चालतं.

प्रश्न : खरं सांगा, हे सगळं गोरं राहण्यासाठीच होतं ना? आपल्याकडे स्कूटरवर स्कार्फ बांधतात तसंच. (ठाणे)

उत्तर : बऱ्याच अंशी हो, उगाच लपवण्यात अर्थ नाही. एकोणिसाव्या शतकात तिकडच्या गोऱ्या घरांत मुलींना सारखं ओरडायचे की बॉनेट घाल, काळी पडशील, चट्टे येतील. उन्हाने रापलेला चेहरा म्हणजे राबणाऱ्या घरातली बाई, आणि अमेरिकेत त्यात वंशाचा भाग होता, गोऱ्या कातडीला जी किंमत होती ती जपायची होती. मुली पाठ फिरली की बॉनेट मागे ढकलून द्यायच्या, गळ्यातल्या बंदावर पाठीला लोंबकळत ठेवायच्या. आपण नाही का हनुवटीखाली इलॅस्टिक रुतलं की टोपी मागे टाकायचो, तसंच.

पण सगळं तेवढंच नाही. गुलामीत असलेल्या आणि नंतर दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने राबणाऱ्या कृष्णवर्णीय बायकाही शेतात बॉनेट घालायच्या, त्यांना काय गोरं राहायचं होतं? ऊन लागतं म्हणून घालायच्या. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या तांब्याच्या, कथलाच्या खाणींवर बायका बाहेर बसून हातोड्याने खनिज फोडायच्या, त्यांचं पुढे आलेलं बॉनेट, त्याला तिकडे गूक म्हणतात, ते उन्हाबरोबर उडणाऱ्या कपच्या अडवायला होतं. आणि श्रीमंतांचं काय, तर एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला इंग्लंडमध्ये फॅशनच्या बॉनेटला पुढून बांधायची एक रेशमाची घडीची छपरी निघाली होती, आत वेताच्या काड्या, प्रवासाला, समुद्रावर वापरायची. ती इतकी वाईट दिसायची की तिचं नावच पडलं अग्ली! तरीही बायका लावायच्या. चेहऱ्याला ऊन नको म्हणून चेहराच कुरूप दिसला तरी चालेल, याला काय म्हणायचं तुम्हीच ठरवा.

मग 1920 नंतर रापलेलं अंग म्हणजे सुट्टी परवडते अशी फॅशन आली, केस आखूड झाले, शेतावर यंत्रं आली, बॉनेट म्हाताऱ्या बायकांचं आणि खेड्यांचं होऊन बसलं. आपल्याकडे अजून ती वेळ यायची आहे, क्रीमच्या जाहिराती बघितल्यात ना. स्कार्फवाल्या मुलींना मात्र मी हसणार नाही, पुण्यातली धूळ आणि धूर मी पण खाल्लाय.

प्रश्न : माझं बाळ चार महिन्यांचं आहे. मे महिन्यात गावी बारसं-वाढदिवस असे दोन कार्यक्रम आहेत. आत्या कुंची घालाच म्हणतात, मी म्हणते सुती सनबॉनेट घालते. कोण बरोबर?

उत्तर : दोघी थोड्या थोड्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला कुठलीही टोपी घालून उन्हात न्यायचंच नाही, सावलीतच ठेवायचं, डॉक्टरही हेच सांगतात आणि एवढ्या लहान बाळाला सनस्क्रीनही सहसा नको म्हणतात. मेमध्ये सॅटिनची अस्तर लावलेली कुंची म्हणजे बाळाला भट्टीत घालणं, फोटोपुरती दोन मिनिटं घाल, आत्यांचा मान राहतो, की लगेच काढ. अंगणातून मांडवात नेताना सुती बॉनेट चालेल.

आणि एक गोष्ट दोघींनाही, बंद! हनुवटीखाली बांधायच्या लांब नाड्या लहान मुलांसाठी धोक्याच्या असतात. अमेरिकेत 1996 साली तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाने सांगितलं की लहान मुलांच्या जॅकेटच्या टोपीला आणि गळ्याला नाड्याच नकोत, कारण घसरगुंडीत वगैरे अडकून मुलं दगावली होती. बाळाला झोपवताना कुंची असो, टोपडं असो, बॉनेट असो, काढायचंच. मी आता लहान मुलांच्या कुंचीला नाडीऐवजी वेल्क्रोचा छोटा तुकडा लावते, ओढला की सुटतो. जुन्या बायका नाक मुरडतात, मुरडू देत.

प्रश्न : माझी मैत्रीण अमेरिकेतून एक जुनी गोधडी घेऊन आली, त्यावर मोठं बॉनेट घातलेल्या मुलीची चित्रं कापून शिवलेली आहेत, एकाही मुलीला चेहरा नाही! जरा भीतीदायकच वाटतं. काय प्रकार आहे?

उत्तर : घाबरू नकोस, ती सनबॉनेट सू. तिकडच्या गोधड्यांमधला फार लाडका नमुना, खास करून 1920-30 मधला. तिच्या आधी, 1900 साली, बर्था कॉर्बेट या चित्रकर्तीने बॉनेटमध्ये तोंड लपलेल्या मुलींच्या चित्रांचं पुस्तक काढलं होतं, आणि पुढे तशाच मुली शाळेच्या वाचनाच्या पुस्तकातही आल्या. चेहरा न काढता नुसत्या उभं राहण्यावरून, हात कुठे ठेवलाय त्यावरून मुलगी रुसलीये का खुशीत आहे ते कळावं, ही त्यातली करामत.

शिवणाऱ्या बाईच्या नजरेने बघशील तर यापेक्षा सोयीचा नमुना नाही. नाक-डोळे भरायची कटकट नाही, एक मोठा गोलसर तुकडा बॉनेटचा, एक त्रिकोणी फ्रॉकचा, एक हात, एक बूट, संपलं. प्रत्येक मुलीला घरातल्या वेगळ्या जुन्या कपड्याचा फ्रॉक. आपल्या गोधडीत आजीचं लुगडं, बाबांचा शर्ट सगळे असतात पण मिसळून जातात, इथे प्रत्येकाची एक मुलगी होते. मैत्रिणीला सांग धुवायची असेल तर मशीनमध्ये नको, कापलेल्या तुकड्यांच्या कडा जुन्या झाल्या की आधी तिथेच उसवतं. बादलीत गार पाणी, सौम्य साबण, न पिळता चादरीवर पसरून सावलीत.

प्रश्न : फ्रान्समध्ये पण असलं बॉनेट असतं आणि त्याचं नाव म्हणे "मला किस करू नका" असं आहे, खरं का? (आमच्याकडे पैज लागली आहे.)

उत्तर : पैज कोणी काय लावलीये ते लिहिलं असतं तर बरं झालं असतं. बॉनेट खरं आहे, नाव किशनोत, पश्चिम किनाऱ्यावरचं, इल द रे बेटावर मिठागरात काम करणाऱ्या बायका घालायच्या, आत पुठ्ठा नाहीतर लाकडाच्या पट्ट्या. मिठागर म्हणजे वरून ऊन आणि खालून पांढऱ्या मिठावरून परत ऊन, तिथे खोल बॉनेट लागणारच. नावाची गोष्ट अशी सांगतात की इंग्रज सैनिक तिकडे होते तेव्हा "किस नॉट" म्हणून ते पडलं, तोंड एवढं आत की कोणाला जवळ येताच येऊ नये. ऐकायला झकास आहे पण मला ती मागाहून जुळवलेली वाटते. पैज बरोबरीत सोडवा आणि दोघं मिळून भेळ खा.

प्रश्न : ताई मी तुमच्या नमुन्यावरून बॉनेट शिवणार आहे, स्कूटीवर ऑफिसला जाताना घातलं तर चालेल का? स्कार्फचा कंटाळा आलाय.

उत्तर : अजिबात नाही!! वर कावळ्याची गोष्ट वाचली ना? बाजूने बस आलेली दिसणार नाही, हॉर्न कुठून वाजला कळणार नाही आणि तीस-चाळीसच्या स्पीडला ती वळचण वाऱ्याने उलटी होऊन झालर तोंडावर येईल. हेल्मेट घाल, मानेला ऊन लागत असेल तर त्याच्या आतून एक सुती रुमाल मागे सोड, तो शिवायला पाच मिनिटं लागतात, 14 इंचांचा चौकोन आणि चारी बाजूंनी बारीक दुमड.